फळीवरचा माणूस बोलता होतो तेव्हा

क्रिकेटपटूची मुलाखत घ्यायला निघालेला माणूस सहसा रिकाम्या हातानं जात नाही. त्याच्याजवळ धावफलक असतो. कोणत्या सामन्यात किती धावा झाल्या, कोणाच्या चेंडूवर गडी बाद झाला, झेल कोणी घेतला, हे सारं लिहून ठेवलेलं असतं. खेळाडूच्या आठवणीत गफलत झाली, तर धावफलक ती दुरुस्त करतो. पण ज्या खेळाला बराच काळ ना ठरलेलं मैदान होतं, ना पंच, आणि ज्यातली मोठ्यात मोठी करामत कदाचित रात्री अकरा वाजता एखाद्या बंद कचेरीच्या पायऱ्यांवर, दोन मित्रांच्या साक्षीनं झालेली असते, त्या खेळाचा इतिहास लिहायचा कसा?

स्केटबोर्डिंग हा असा खेळ आहे. त्याची छायाचित्रं आहेत, चित्रफिती आहेत. पण छायाचित्र ‘काय झालं’ एवढंच सांगतं. ‘कसं’ आणि ‘का’ हे त्या माणसालाच विचारावं लागतं. म्हणून या खेळाचा इतिहास हा बऱ्याच अंशी मुलाखतींचा इतिहास आहे. गेली अनेक वर्षं नभोवाणीसाठी मी लोकांना बोलतं करण्याचं काम करतो आहे. त्या नजरेनं मी या खेळाडूंच्या जुन्या-नव्या मुलाखती वाचल्या, ऐकल्या, पाहिल्या. स्केटबोर्डवाल्याची चांगली मुलाखत कशाला म्हणायचं, याचं उत्तर त्या साठ वर्षांच्या वाटचालीतच मला सापडलं.

आधी खेळाविषयी दोन शब्द. वीतभर रुंद, पावणेदोन हात लांब अशी लाकडी फळी आणि तिच्याखाली चार चाकं. पाय फळीला कशानंही बांधलेले नसतात. त्या फळीवर उभं राहून धावायचं, वळायचं, उड्या मारायच्या आणि पुन्हा त्याच फळीवर उतरायचं. या खेळाचा उगम अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणारी तिथली मुलं १९५०च्या दशकात, लाटा नसतील त्या दिवशी, रोलर स्केटची चाकं फळ्यांना ठोकून रस्त्यावर उतरली.

१९६४ साली या खेळाला वाहिलेलं पहिलं नियतकालिक निघालं. लाटांवरच्या खेळाचं ‘सर्फर’ हे मासिक काढणारे जॉन सेव्हर्सन यांचंच ते अपत्य. पण ते फार टिकलं नाही. सर्वसामान्य अमेरिकी वाचकापर्यंत खेळ पोहोचला तो १९६५च्या मे महिन्यात, ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरून. धावत्या फळीवर हातांवर उभी राहिलेली, पाय आकाशाकडे केलेली पॅटी मॅक्गी ही तरुणी त्यावर होती. सोबतच्या मथळ्यात या खेळाला वेड म्हटलं होतं आणि उपद्रवही. त्या काळात बाहेरच्या जगाला स्केटबोर्डविषयी प्रश्न पडत ते दोनच: हाडं किती मोडतात, आणि यावर बंदी घालावी का? हे प्रश्न डॉक्टरांना आणि पोलिसांना विचारायचे. फळीवरच्या मुलांना त्यात बोलायला जागाच नव्हती. अनेक शहरांनी बंदी घातली आणि पहिली लाट ओसरली.

पॅटी मॅक्गीचं ते चित्र जगभर गेलं. पहिली व्यावसायिक स्त्री स्केटबोर्डपटू म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. पण या खेळाच्या सन्मान-दालनात तिला स्थान मिळायला २०१० साल उजाडावं लागलं. २०२४ मध्ये ती वारली. शेवटच्या काही वर्षांत तिला अनेकांनी बोलतं केलं, हे बरंच झालं. पण जे विसाव्या वर्षी विचारायचं, ते साठी उलटल्यावर विचारलं, तर उत्तरातले बारकावे विरून गेलेले असतात. इतिहासाचं हे नुकसान मोजता येत नाही.

पुढची गोष्ट चाकांची आहे. पहिली चाकं मातीच्या मिश्रणाची. वाटेत खडा आला की चाक अडायचं आणि स्वार पुढे फेकला जायचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणानं युरेथेन नावाच्या लवचीक प्लॅस्टिकची चाकं बाजारात आणली. ती रस्त्याला धरून ठेवत. खेळाचं रूपच पालटलं. त्यातच १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. त्यांच्या वाटीसारख्या गोलाईच्या भिंतींवर ही मुलं फळी घेऊन चढू लागली. मालकाच्या परवानगीशिवाय, अर्थातच. शेजाऱ्यानं पोलिसांना बोलावलं की कुंपणावरून पळायचं.

१९७५ साली ‘स्केटबोर्डर’ या नावानं जुनं नियतकालिक पुन्हा सुरू झालं आणि मुलाखतीचा नवा नमुना जन्माला आला. आता विचारणारा आतला होता. तो स्वतः फळीवर उभा राहिलेला होता. चाक किती कठीण, भिंत कुठे उभी होते, वळताना वजन कोणत्या पायावर, असे प्रश्न तो विचारी. बाहेरच्याला हे रटाळ वाटेल. पण आमच्या धंद्यातला माझा अनुभव असा आहे की, माणूस आपल्या कामाच्या बारकाव्याविषयी बोलताना सर्वांत खरा असतो. पैलवानाला ‘कुस्तीची आवड कशी लागली?’ असं विचारा. चार ठरलेली वाक्यं मिळतील. ‘आखाड्याच्या मातीत काय काय मिसळता?’ असं विचारा. हळद, तेल, ताक, लिंबू असं करत करत तो वस्तादापर्यंत, घरच्या गरिबीपर्यंत, हरलेल्या कुस्तीपर्यंत आपणहून येतो. स्केटबोर्डवाल्याचंही तसंच आहे.

पण आतला माणूस म्हणजे निःपक्षपाती माणूस नव्हे. त्या काळातलं गाजलेलं लेखन क्रेग स्टेसिक यांचं. सांता मोनिका आणि व्हेनिस या किनाऱ्यालगतच्या, काहीशा पडक्या वस्तीतल्या मुलांवर त्यांनी लिहिलं, त्यांची छायाचित्रं काढली, तीही वेगवेगळी टोपणनावं घेऊन. हीच ती ‘डॉगटाउन’ची मुलं. १९७५च्या डेल मार इथल्या स्पर्धेत जमिनीलगत वाकून, हात जमिनीवर टेकवून वळणाऱ्या या मुलांनी सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं. मात्र ज्या झेफर दुकानाच्या नावानं हा चमू खेळत होता, त्याच्या संस्थापकांपैकी एक स्वतः स्टेसिक होते. २००१ साली याच मुलांवर ‘डॉगटाउन अँड झी-बॉइज’ हा माहितीपट आला. त्याचे दिग्दर्शक स्टेसी पेराल्टा हेही त्याच चमूतले. म्हणजे खेळणारे, सांगणारे, विचारणारे आणि संकलन करणारे एकाच अंगणातले! माहितीपट अतिशय रंगतदार आहे. पाहताना पंचवीस वर्षं जुना समुद्रवारा अंगावर येतो. पण इतिहास म्हणून पाहताना मी मनात एक प्रश्न ठेवतो: या अंगणाबाहेर उभ्या असलेल्यांना कोणी विचारलं का? या चमूत पेगी ओकी ही एकच मुलगी होती. शीर्षकात मात्र मुलगेच आले.

आता आतल्या माणसाच्या प्रश्नांनी काय साधतं, त्याचं माझ्या आवडीचं उदाहरण सांगतो. रॉडनी मलन हा फ्लोरिडातला मुलगा. वडील दंतवैद्य, कडक स्वभावाचे, या खेळाच्या विरोधात. १९७७च्या पहिल्या दिवशी, दहा वर्षांच्या रॉडनीला त्यांनी फळी घेऊ दिली ती अटीवर. संरक्षक साधनं नेहमी घालायची आणि मोठी दुखापत झाली की खेळ त्याच दिवशी बंद. मग हा मुलगा घरच्या गॅरेजमधल्या सपाट जमिनीवर एकटाच तासन्‌तास सराव करू लागला.

ॲलन गेलफँड या फ्लोरिडातल्याच खेळाडूनं १९७०च्या दशकाच्या अखेरीस तलावासारख्या गोलाईच्या भिंतीवर, हात न लावता, फळीसकट हवेत उठण्याची युक्ती शोधली होती. तिला त्याच्या टोपणनावावरून ‘ऑली’ म्हणतात. मलननं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तीच गोष्ट सपाट जमिनीवर करून दाखवली. मागच्या पायानं फळीचं शेपूट जमिनीवर आपटायचं, म्हणजे पुढचं टोक वर उठतं. त्याच क्षणी पुढचा पाय फळीच्या खरखरीत पृष्ठभागावरून पुढे ओढायचा, म्हणजे मागची बाजूही वर येते आणि फळी हवेत आडवी होते. ऐकायला सोपं. पण रस्त्यावरच्या कठड्यांवर, पायऱ्यांवर, बाकांवर आज जे काही चालतं ते बहुतांशी या एका युक्तीवर उभं आहे.

आता मलनला ‘किती स्पर्धा जिंकलात?’ असं विचारलं तर उत्तर ‘जवळजवळ सगळ्या’ असं येईल, आणि मुलाखत तिथेच संपेल. पण ‘ही युक्ती सुचली कशी?’ असं ज्यांनी विचारलं, त्यांना तो बोटं हलवत, तळव्याची फळी करून समजावत जातो. बोलता बोलता ते गॅरेज येतं. तो एकांत येतो. वडिलांची अट येते. मोठी दुखापत झाली तर सगळं संपेल, म्हणून प्रत्येक पाऊल मोजूनमापून टाकणारा मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो. पेराल्टा यांच्याच २०१२ सालच्या ‘बोन्स ब्रिगेड’ या माहितीपटात जिंकत राहण्याचं ओझं किती असह्य झालं होतं, हे सांगताना त्याचा आवाज घोगरा होतो. ‘कसं’ विचारलं म्हणून ‘का’ मिळालं. हा क्रम उलटा चालत नाही.

दुसरा प्रश्न पडण्याविषयीचा. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत टोनी हॉक यानं हवेत अडीच गिरक्या, म्हणजे नऊशे अंश, पूर्ण करून फळीवर उतरून दाखवलं. वेळ संपली होती, तरी तो पुन्हा पुन्हा चढत राहिला, पुन्हा पुन्हा पडत राहिला. अशा वेळी बातमीदार विचारतात, ‘आता कसं वाटतंय?’ छान वाटतंय, दुसरं काय वाटणार! पण हा खेळ मुळात पडण्याचा आहे. एका यशामागे शेकड्यांनी पडणं असतं. ‘आधीच्या खेपेला का पडलात? मग काय बदललंत?’ असं विचारलं की त्या माणसाच्या विचाराची रीत कळते, धाडसामागचा हिशेब कळतो.

आता आतल्या मुलाखतीची काळी बाजूही सांगायला हवी. १९८१ साली ‘थ्रॅशर’ आणि १९८३ साली ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’ ही मासिकं निघाली. यांतल्या मुलाखती दोस्तांनी दोस्तांच्या घेतलेल्या. थट्टा भरपूर, परकेपणा अजिबात नाही. त्यांनी एका पिढीची बोली जशीच्या तशी जपून ठेवली, हे त्यांचं मोठं काम. पण एका पानावर मुलाखत आणि पुढच्या पानावर त्याच खेळाडूच्या पुरस्कर्त्याची जाहिरात, असा तो संसार होता. दोस्तीत काही गोष्टी विचारायच्या नसतात. धंद्यात काही छापायच्या नसतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एका तरुण खेळाडूनं आपण समलिंगी असल्याचं मुलाखतीत मोकळेपणानं सांगितलं. ती मुलाखत छापलीच गेली नाही, आणि तो या व्यवसायातून बाहेर पडला. न छापलेल्या मुलाखतीही इतिहासाचा भाग असतात, एवढं त्यातून शिकावं.

याच काळात, १९९९ साली, ब्रायन अँडरसन हा ‘थ्रॅशर’चा वर्षाचा सर्वोत्तम स्केटबोर्डपटू ठरला. उंच, धिप्पाड, दणदणीत खेळणारा. पुढची कित्येक वर्षं त्याच्या मुलाखती होत राहिल्या. आपण समलिंगी आहोत हे त्यानं जाहीरपणे सांगितलं २०१६ साली, वयाच्या चाळिशीत. समोर होता जिओव्हानी रेडा, याच वर्तुळातला छायाचित्रकार आणि जुना मित्र. म्हणजे जी दोस्ती इतकी वर्षं गप्प बसवत होती, तीच अखेर बोलायला आधार झाली. फरक कशानं पडला? माझ्या मते, या वेळी विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचं होतं, आणि जे सांगितलं जाईल ते पडद्यावर जाणार याची खात्री होती. सांगणाऱ्याला मुलाखतीत ही एवढी सुरक्षितता द्यावी लागते. कौतुक त्यानंतर.

मित्रानं मित्राला अवघड प्रश्न विचारण्याचा याहून कसोटीचा नमुना म्हणजे बिंग लिऊ याचा २०१८ सालचा ‘माइंडिंग द गॅप’ हा माहितीपट. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड या कारखाने ओस पडत गेलेल्या गावात लिऊ वाढला. तिथल्या स्केटबोर्डवाल्या मित्रांचं चित्रण तो वर्षानुवर्षं करत होता. सुरुवातीला पडद्यावर फक्त वेग आहे, ऊन आहे, मोकळे रस्ते आहेत. मग हळूहळू तो विचारू लागतो: तुम्हा सगळ्यांना घरापासून दूर, दिवसभर रस्त्यावर का राहायचं असे? किअर जॉन्सन हा मित्र वडिलांच्या माराविषयी बोलतो. झॅक मलिगन या दुसऱ्या मित्रानं स्वतःच्या मुलाच्या आईवर हात उचलल्याचा विषय निघतो. मित्राला हे विचारायचं की नाही, विचारलं तर त्या मुलीवर काय बेतेल, ही घालमेलही लिऊ लपवत नाही. आणि शेवटी तो स्वतःच्या आईला समोर बसवतो, सावत्र वडिलांच्या हिंसेविषयी विचारण्यासाठी. त्या प्रसंगात एक कॅमेरा त्याच्या स्वतःच्याही चेहऱ्यावर आहे. दुसऱ्याला उघडं करायचं तर स्वतःही त्याच उजेडात बसायचं, हा न्याय मला फार मोठा वाटतो. हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

अलीकडे या खेळातल्या मुलाखती लांबत चालल्या आहेत, हे चांगलं लक्षण आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘द नाइन क्लब’ या इंटरनेटवरच्या कार्यक्रमात क्रिस रॉबर्ट्स हे माजी व्यावसायिक खेळाडू आणि त्यांचे सहकारी एकेका खेळाडूशी दोन-दोन, तीन-तीन तास बोलतात. जन्मगावापासून सुरुवात होते. पहिली फळी कोणी दिली, ती कशी मोडली, पहिला धनादेश कितीचा होता, दुखापतीनंतर घरभाडं कसं भरलं. १९८०-९०च्या दशकांतली कितीतरी माणसं, जी कुठल्याच नोंदीत नव्हती, ती या गप्पांमधून इतिहासात आली.

दुसऱ्या टोकाला ऑलिंपिक. टोकियोच्या स्पर्धेत, म्हणजे २०२१च्या उन्हाळ्यात, स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं. महिलांच्या ‘स्ट्रीट’ प्रकारात जपानची मोमिजी निशिया पहिली, ब्राझीलची रायसा लेआल दुसरी. दोघीही तेरा वर्षांच्या. तिसरी फुना नाकायामा सोळा वर्षांची. मैदानातून बाहेर येताना या मुलींसमोर ध्वनिक्षेपकांचं रान. प्रत्येकाला मिनिटभर. देशासाठी काय वाटतं, पुढचं स्वप्न काय, असे मोठ्या माणसांचे प्रश्न. तेरा वर्षांची मुलगी यावर काय बोलणार? गंमत अशी की, त्या दिवसांत जपानमध्ये लोकांच्या तोंडी बसले ते रियो सेजिरी या व्यावसायिक स्केटबोर्डपटूनं समालोचनात वापरलेले खेळाडूंचे रोजचे शब्द. बेधडक चढाईला ‘गोन-झेमे’ आणि नेमक्या उतरण्याला ‘बित्ता-बिता’. ते त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या यादीतही गेले. लोकांना खेळाची खरी भाषा हवी असते. सोपी करून, पण पातळ न करता.

हे सारं आपल्यापासून दूरचं राहिलेलं नाही. २०२२च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंग होतं आणि महाराष्ट्राच्या मुलींनी त्यात पदकं मिळवली. यापुढे आपल्या वृत्तपत्रांतून, नभोवाणीवरून या मुलामुलींच्या मुलाखती होतील. त्या घेणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी इतकंच सुचवेन. मुलाखत स्टुडिओत घेऊ नका. जिथे तो किंवा ती खेळते त्या जागी घ्या, कारण या खेळात जागा हीच अर्धी गोष्ट असते. निदान एकदा त्या फळीवर उभे राहून पाहा, म्हणजे प्रश्न आपोआप बदलतील. ‘भीती वाटते का?’ असं न विचारता ‘काल कुठे पडलीस?’ असं विचारा. फळी तुटली की नवी कोण घेऊन देतं, हे विचारा. घर, पैसा, आईवडील यांचं सारं त्या उत्तरात येईल. रखवालदार हाकलतो तेव्हा काय बोलणं होतं, हेही विचारा आणि जमलं तर रखवालदारालाही विचारा. मुलगी असेल तर ती किती वाजेपर्यंत त्या जागी थांबू शकते, हे विचारायला विसरू नका.

आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवा. कार्यक्रमात पाच मिनिटं जातील, बाकीचं पुसून टाकू नका. आज पंधरा वर्षांची असलेली मुलगी काय म्हणाली, कोणत्या शब्दांत म्हणाली, हे पन्नास वर्षांनी कोणाला तरी हवं असेल. तोवर ती जागा राहिलेली नसेल. फळी तर केव्हाच मोडलेली असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)